माग्नं बघणारे आप्पा

नामदेवआप्पा माणसाचं तोंड बघत नाहीत. समोर आलेल्याला म्हणतात, "जरा चालून दाखव," आणि स्वतः त्याच्या मागं जाऊन उभे राहतात. आयुष्यभर बैलबाजारात दलाली केली. बैल माग्नं बघायचा, ही सवय माणसांवरही उतरली. माझा नवरा मला बघायला आला तेव्हा आप्पांनी त्यालाही अंगणात दोनदा फिरवलं होतं. "उजवा पाय ओढतोय, पर टिकंल," म्हणाले. टिकलाय.

राहू गावात आप्पांचं घर आमच्या घराला लागून. मी आमच्यातली पहिली पदवीधर. बी.ए. झाले आणि घरीच कॉम्प्युटरवर 'तानूआत्या' नावाची कार्टून मालिका काढली. तानूआत्या म्हणजे डोक्यावर घमेलं, तोंडात शिव्या आणि सोबत बोलणारी शेळी. आप्पा एकेक भाग वीस-वीस वेळा बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "हिची ही चालायची ढब तुला कुठं गावली?"

"सुचली," मी म्हणाले. शिकलेल्या माणसाला सगळं सुचतंच, अशा थाटात.

पुढं पुण्याच्या एका निर्मात्यानं खरी माणसं घेऊन तिचा सिनेमा करायचं ठरवलं. माझी अट एकच: तानूआत्या इथलीच हवी आणि निवडीला आप्पा हवेत. दिग्दर्शकाला मात्र एक नावाजलेली, गोरीपान नटी हवी होती. त्यानं तिचा फोटो पुढं केला. आप्पांनी तो उलटा करून मागची बाजू बघितली.

"हिची चाल कुठंय?"

"आप्पा, चेहरा बघा की," दिग्दर्शक म्हणाला.

"चेहरा मेकअपवाला करील. चाल कोण देनार, त्यो?"

"आणि शेळीचं काय?"

"शेळीचं काम शेळी करील. तिच्यावर माझा इस्वास हाय."

शिरूरच्या एका हॉलमध्ये निवड सुरू झाली. दोन दिवसांत तीस-पस्तीस बायका आल्या. एकजण खरोखर घळाघळा रडली. आप्पा म्हणाले, "रडवाया कांदा बी पुरतो. चाल." दुसरीला म्हणाले, "आ कर."

"आप्पा! बाईमाणूस हाय ती!" मी ओरडले.

"आगं, दात बघितल्याबिगर वय कसं कळायचं?"

प्रत्येक बाई चालून झाली, की आप्पा दिग्दर्शकाचा हात उपरण्याखाली ओढून, बाजारात बैलाचा भाव गुपचूप ठरवतात तशी, बोटं दाबायचे. तो दचकून हात काढून घ्यायचा.

"हे काय चाललंय?"

"नापास सांगितलं. मोठ्यानं सांगितलं तर बाईचं मन मोडतं."

दिग्दर्शक कंटाळला. "उद्या संध्याकाळपर्यंत बाई मिळाली नाही, तर नटी घेणार."

"उद्या घावंल," आप्पा म्हणाले.

तिसऱ्या दिवशी केडगाव स्टेशनबाहेर भाजी विकणाऱ्या कमलताई आल्या. आप्पा त्यांच्या मागं उभे राहिले आणि त्यांना हॉलभर दोनदा चालवलं.

"हीच. पर एक कमी हाय."

मग त्यांनी रिकामं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, धोतराचा सोगा धरला आणि चालू लागले. डावा पाय जरा बाहेर पडत होता. तिसऱ्या पावलाला घमेलं डळमळू न देता त्यांनी नुसती मान मागं वळवली. हॉल हसला. मला हसू येईना. ती इंदूकाकूंची चाल होती. आप्पांची बायको. मी दहावीत असताना त्या गेल्या. मला काही सुचलं नव्हतं, लहानपणी अंगणातून बघितलेलं तेवढं मी काढलं होतं. मागं बघणं मात्र माझ्या चित्रात नव्हतं.

"ती मागं का बघते?" दिग्दर्शकानं विचारलं.

"मी वाटंत कुनाशी बी बोलत उभा ऱ्हायचो. ती म्होरं. मी येतोय का न्हाई, बघायची."

दिग्दर्शकानं नटीचा फोटो बॅगेत टाकला आणि कॅमेरा लावला. कमलताई घमेलं घेऊन निघाल्या. एक, दोन, तीन. मान वळली.

"आलो, आलो," आप्पा म्हणाले आणि निघाले.

"आप्पा, बाजूला व्हा! कॅमेरा चालू आहे!"

आप्पांना ऐकू गेलं नाही. ते हॉलच्या दारापर्यंत तिच्या मागं गेले.