वाघमारेबाईंची वाटी

आमच्या माडीवर राहणाऱ्या वाघमारेबाई घड्याळ लावून वाटी परत करतात की काय, असा मला सात वर्षे संशय होता. आमच्या सौभाग्यवतीने खीर पाठवावी आणि दहाव्या मिनिटाला तीच वाटी घासूनपुसून लखलखीत होऊन उंबऱ्यावर यावी. "चांगली झाली होती काकू," एवढेच वाक्य. बसणे नाही, पाणी नाही.

बाई मूळच्या जळकोटच्या. नांदेडला महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात. काही जंतू आत शिरलेले औषध अंगातल्या पंपाने बाहेर फेकतात. त्या फेकण्याचा वेग मोजणे हे बाईंचे व्रत. जंतूंत चमकणारा रंग भरायचा, मग त्यांना साखर द्यायची. पंप जोर धरतो, चमक उतरू लागते आणि बाई मिनिटामिनिटाला आकडा टिपतात. "आत किती गेलं ते नका सांगू, आत किती राह्यलं ते सांगा," हे त्यांचे पालुपद. माझे गीतेवरील प्रवचन ऐकून निघालेल्या श्रोत्यांनाही त्यांनी जिन्यात अडवून हेच विचारले होते.

गेल्या आश्विनात आम्ही माहूरला गेलो. सौभाग्यवतीला मधुमेह, तळपायाच्या जखमेसाठी डॉक्टरांनी सात दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांचे कवच जनावरांच्या हाडांपासून करतात, असे कोणी सांगितले. नवरात्रात ते देवीपुढे कसे चालावे? तिसऱ्या दिवशी मीच त्या बंद करविल्या.

परतलो तेव्हा पाय टरारून सुजला होता. डॉक्टर म्हणाले, नेहमीची औषधे या जंतूवर चालत नाहीत. नवे इंजेक्शन लागू पडले नाही, तर पाऊल काढावे लागेल. पायावरची लाली पसरते की ओसरते ते कळावे, म्हणून तिच्या कडेने त्यांनी पेनाने रेघ ओढली.

बाई दवाखान्यात आल्या. "कॅप्सूल कोणी बंद केली?"

"मीच. नवरात्र होतं," मी म्हणालो.

"लई पुण्य केलं, गुरुजी! दुबळे जंतू मेले, पंपवाले तेवढे पोसले. देवीनं पाय मागितला होता काय?"

"अगं, नको बोलूस त्यांना," सौभाग्यवती क्षीण स्वरात म्हणाली. "दोन दिवस जेवले नाहीत."

डॉक्टरांच्या संमतीने बाईंनी तो जंतू आपल्या प्रयोगशाळेत मागवून घेतला. एका दुपारी येऊन म्हणाल्या, "चमक झपाट्यानं उतरून राहिली. पंप तगडा हाय."

"मग उपाय?"

"माझ्या मोजण्यानं पाय बरा होत न्हाई, गुरुजी. का बरा होत न्हाई, तेवढंच कळतं."

तरीही त्या रोज येत, खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहत आणि पट्टी लावून लाली मोजत. तीन दिवस ती रेघेबाहेरच होती. मी रेणुकेचे नाव घेत होतो. नेमके काय मागावे, हे मात्र सुचत नव्हते. चौथ्या दिवशी बाईंनी एकदा मोजले, पुन्हा मोजले. "आत आली," म्हणाल्या आणि व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

घरी परतल्यावर सौभाग्यवती ज्या दिवशी प्रथम ओट्यापाशी उभी राहिली, त्या दिवशी तिने शेवयांची खीर माडीवर पाठविली. दहा मिनिटे झाली. अर्धा तास झाला. मला राहवेना, मी जिना चढलो.

दार उघडे होते. बाई टेबलापाशी बसल्या होत्या. पुढ्यात रिकामी, खरकटी वाटी. तिच्याभोवती दोन्ही तळवे.

"काकूंना म्हणावं," त्या वर न पाहता म्हणाल्या, "वाटी आज इथंच असू द्या."

मी खाली आलो.

"वाटी?" सौभाग्यवतीने विचारले.

"आत राहिली," मी म्हणालो.