कतरनची कंबर

कुरखेड्यातले आमचे गफूरभाऊ टेलर रोज सकाळी दुकान उघडलं की पहिलं माप मांजरीच्या कमरेचं घेतात. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी. मांजरीचं नाव कतरन. एक दिवस ती दुकानातल्या चिंध्यांच्या ढिगात येऊन झोपली. चिंध्या कुठल्या आणि मांजर कुठलं हेच कळेना, इतकी वाळलेली, म्हणून हे नाव. तिला टेप गुंडाळायची, चष्मा वर करून आकडा बघायचा आणि "च्च!" करायचं. मग दिवसभर माणसाला चैन नाही.

तसे गफूरभाऊ मुळातच बुडाला भिंगरी लावलेले. अर्धी बाही शिवली की उठले, दारात गेले, परत आले, सुई कुठे ठेवली ते शोधू लागले. मी बदलीवर आलेला एकटा मास्तर. शाळा सुटली की त्यांच्याकडे चहाला जातो. चहासुद्धा ते येरझाऱ्या घालत पितात.

"सर, तुमी शिकलेले. सांगा नं, हे पोरगी काऊन नाई भरून राह्यली?"

सुरुवात दुधापासून झाली. त्यानं कतरनचं पोट बिघडलं आणि त्याचा पुरावा एका नवरदेवाच्या शेरवानीच्या अस्तरावर उमटला. मग सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणालं वरणभात द्या, कोणी म्हणालं बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, मासे. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईंना गफूरभाऊ गळ्याचं विचारायच्या ऐवजी विचारायचे, "बाई, अंडं उकडून देऊ का कच्चंच?" दुकानात स्टोव्ह आला, त्यावर झिंगे उकडू लागले. तिथे शिवलेली माझी नवी पँट घालून मी वर्गात गेलो, तर शाळेच्या खिचडीत आज झिंगे आहेत म्हणून पोरं हरखून गेली.

कतरन मात्र प्रत्येक वाटीपाशी यायची, तोंड लावायची आणि मान झटकून मागे सरायची.

"नखरे आहेत हो तिचे," मी एकदा म्हणून गेलो. गफूरभाऊंनी माझ्या हातातला अर्धा कप चहा काढून घेतला.

पुढे तिनं वाटीपाशी येणंही सोडलं. त्या दिवशी ऐन लग्नसराईत त्यांनी शटर पाडलं. जाड कापडाची पिशवी शिवली, हवेसाठी तिला चारी बाजूंनी काजं पाडली आणि आम्ही दोघं कतरनला घेऊन गडचिरोलीच्या बसमध्ये बसलो. म्हणजे मी बसलो. सीट रिकामी असून गफूरभाऊ पिशवी छातीशी धरून उभेच. प्रत्येक काजातून डोकावून बघायचे, "हाये, हाये," असं स्वतःलाच सांगायचे.

तिथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी कतरनचं तोंड उघडलं आणि बॅटरी मारली. मागची दाढ किडलेली, हिरडी सुजलेली.

"भूक आहे हिला," डॉक्टर म्हणाले. "चावताच येत नाही बिचारीला."

गफूरभाऊ मटकन बाकावर बसले.

दाढ काढली. डॉक्टरांनी दूध बंद केलं. बिनहाडाचं चिकन उकडून, अगदी बारीक करून, त्याच्याच कोमट पाण्यात द्यायचं. मीठ, कांदा, लसूण काही नको. एकदम नाही, दिवसातून पुष्कळदा थोडं थोडं. घरी आल्यावर गफूरभाऊंनी नवी कात्री काढली आणि ब्लाउजच्या कापडासारखं चिकन कातरलं. कतरन आधी नुसतं पाणी चाटत राहिली. मग वाटी जमिनीवर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली, तरी तिचं चाटणं थांबेना.

महिना उलटला असेल. एका संध्याकाळी मी गेलो तर कतरन खात होती आणि गफूरभाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले होते.

"झुबेदाचंबी असंच झालतं," ते म्हणाले. झुबेदा त्यांची बायको; मी इथे यायच्या आधीच गेलेली. "घशाखाली काई उतरेच ना. मी हे आणू, ते आणू. तिचे कुडते आत घेत गेलो, घेत गेलो. शेवटी तेच म्हणली, राहू द्या आता, ढिलाच बरा वाटते."

कतरन पोट सांभाळत चिंध्यांकडे गेली. गफूरभाऊंनी रिकामी वाटी उचलली.

"सर, इथीच जेवा आज. कणीक मले अजूनबी दोघांचीच भिजवता येते."

मी हात धुवायला उठलो.