बोटभर नळीचा कबुलीजबाब

नव्या साहेबांनी बाईंपुढे कागद सरकवला. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे नमुने दूषित झाले’ असं त्यावर टाइप करून तयारच होतं.

"करा सही."

"नाही करत."

औषधं तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बाईंना सव्वीस वर्षं झाली होती आणि त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. सही केली की सगळ्यावर पाणी.

साहेबांना टापटिपीचं भारी वेड. आल्या आल्या त्यांनी मशीनमधली एक बोटभर नळी काढायला लावली, का तर मशीनच्या नकाशात ती नव्हती. "साहेब, तो ट्रॅप कॉलम आहे," बाईंनी जीव तोडून सांगितलं. "पंपातून येणाऱ्या द्रवातली घाण तो वाटेतच अडवतो, पुढे नमुन्यापर्यंत जाऊ देत नाही."

"आपल्या द्रवात घाण येईलच कुठून?" म्हणत साहेबांनी नळी ड्रॉवरमध्ये टाकली.

मग मोठे साहेब पाहणीला येणार अशी बातमी आली. बाई रजेवर असताना नव्या साहेबांनी बाह्या सरसावून द्रवाच्या बाटल्या घासून काढल्या. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावरच्या आलेखात भेसळीची शिखरंच शिखरं! औषधात शिखरं, पाण्यात शिखरं, ज्यात काहीच नाही त्या कोऱ्या नमुन्यातही शिखरं. साहेबांनी बाईंना तीनदा हातमोजे बदलायला लावले, हाताचं क्रीम बंद केलं, शेवटी मशीनजवळ बोलायलाही मनाई केली. शिखरं जागची हलेनात. तेव्हा हा कागद निघाला.

बाईंचं डोकं सणकलं. साहेबांची पाठ वळताच त्यांनी ड्रॉवर उघडला.

मोठे साहेब आले तेव्हा नवे साहेब दारातच होते. "पाहा, बाटल्या कशा चकचकीत आहेत! मी स्वतः घासल्यात."

"कशाने हो?" बाईंनी विचारलं.

"साबणाने. आणखी कशाने?"

मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. या मशीनच्या बाटल्यांना साबण लावायचा नसतो, हे तिथल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं.

बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हा कालचा कोरा नमुना. रेणूंच्या वजनात चव्वेचाळीस-चव्वेचाळीसच्या अंतराने शिखरं, कुंपणाच्या खांबांसारखी. साबण असाच दिसतो. आणि हा आजचा. द्रव तोच, बाटल्या त्याच, फक्त नळी जागेवर आहे." रेघ सपाट होती.

"परत बसवली? कोणाला विचारून?" नवे साहेब कडाडले.

"कोणालाच नाही."

"आधी बाटल्या बदला," मोठे साहेब म्हणाले. "नळी किती दिवस पुरी पडणार? आणि टेबलावरचा तो कागद कसला?"

नवे साहेब कागद खिशात कोंबू लागले. बाईंनी तो काढून घेतला. "थांबा. करते ना सही."

टाइप केलेल्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘साहेबांच्या परवानगीशिवाय मी ट्रॅप कॉलम परत बसवला. पुन्हा काढलात तर पुन्हा बसवीन.’ सही केली, तारीख घातली आणि पेन नव्या साहेबांपुढे धरलं.

"साक्षीदार म्हणून तुमची."