पडणाऱ्याचे मार्क

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर रविवारी सकाळी, टाकीत पाणी नसल्याची तक्रार आणि गुलाबाच्या फुलासकट आलेलं शुभ सकाळ यांच्या मधोमध, तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत कुठेतरी झालेल्या कुस्तीचं परीक्षण येतं. कुस्ती म्हणजे लाल मातीतली नव्हे. केबल नवीन होती तेव्हा टीव्हीवर दिसायची ती. चकचकीत चड्ड्या घातलेले आडदांड पुरुष एकमेकांना दोरांवर फेकायचे आणि आमच्या आया येऊन टीव्ही बंद करायच्या, ती. परीक्षण लिहितात निकुंभकाका. इंदिरानगरात आमच्याच जिन्यात, तळमजल्यावर राहतात.

नमुना देते. "१०.०४ : बँडवाला आखाड्यात दाखल. प्रकृती स्थिर. १०.०७ : तेल्याने मागून धक्का दिला. पंच पाठमोरा. १०.०९ : बँडवाल्यावर जादा लोड. १०.११ : बँडवाला ट्रिप. पडणे उत्तम. दहापैकी आठ. नोंद असावी."

काका एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूमला होते. तिथे पाळी बदलताना लॉगबुकात सगळं मिनिटासकट लिहून द्यावं लागतं, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस आल्या आल्या समजून घेतो की मागच्या आठ तासांत काय बिघडलं. काका निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण पाळी त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. आमचा दूधवाला त्यांच्या लेखी सहा बावीसला येतो, सव्वासहाला नाही. भाजीत मीठ जास्त झालं की ते फक्त "नोंद असावी" म्हणतात, आणि काकू म्हणतात, घेतली, आता जेवा.

मल्लांची खरी नावं त्यांना येत नाहीत आणि शिकायचीही नाहीत. खांद्यावर झालरी लावलेला कोट घालून येतो तो बँडवाला. अंगाला तेल चोपडतो तो तेल्या. मार पडायच्या आधीच पंचापुढे हात जोडतो तो रडका. सूट घालून आखाड्याच्या बाहेर उभा राहतो आणि आतल्यांमध्ये लावालावी करतो त्या माणसाला काका सासू म्हणतात. पंचाचं नाव चौकशी समिती, कारण सगळं होऊन गेल्यावर तो वळून बघतो.

दुसऱ्या मजल्यावरच्या देशमुखांनी एकदा भर पार्किंगमध्ये सांगितलं, काका, हे सगळं आधी ठरलेलं असतं. काका शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे पण लोड आधी ठरलेला असायचा. म्हणून आम्ही काय खोटं काम करत होतो?" मग त्यांनी देशमुखांना आपला सिद्धान्त ऐकवला. मारायला काही लागत नाही, मारणारा कुणीही होतो. समोरच्याचा मार खरा वाटावा म्हणून जो नीट पडतो, त्याचं काम अवघड. म्हणून मार्क पडणाऱ्याला. देशमुखांना दूध आणायचं होतं, ते पाऊण तासाने गेले.

हा सिद्धान्त ते टीव्हीपुरता ठेवत असते तरी चाललं असतं. मागच्या पावसाळ्यात मी जिन्यात घसरले. काकांनी धावत येऊन मला उठवलं, पिशवीतले बटाटे गोळा करून दिले, काकूंना हळद गरम करायला लावली, आणि सगळं झाल्यावर म्हणाले, चार. डोळे मिटलेत तुम्ही.

पण ही परीक्षणं मुळात आमच्यासाठी नसतातच. ती आधी मनमाडला जातात. काकांचे थोरले भाऊ आप्पा तिथे असतात, रेल्वेत गार्ड होते. काकांना ते बापू म्हणतात. नव्वदच्या सुमाराला आप्पांच्या चाळीत केबल नव्हती, काकांच्या कॉलनीत होती. शनिवारी कुस्ती लागायची तेव्हा काका दुसऱ्या पाळीला असायचे, म्हणून काकूंनी व्हीसीआरचं बटण दाबायचं. काका सुट्टीच्या दिवशी ती कॅसेट बघायचे, तिच्यासोबत स्वतःचं परीक्षण ठेवायचे आणि नाशिकरोडला जाऊन कुठल्यातरी ओळखीच्या गार्डाच्या हातात पुडकं द्यायचे. चार दिवसांनी कॅसेट परत यायची आणि परीक्षणावर आप्पांनी पेन्सिलीने चुका काढलेल्या असायच्या. नऊ वर्षं हे चाललं. त्या सगळ्या कॅसेटी काकांकडे आहेत. उन्हाळ्यात गच्चीवर एका अंगाला काकूंच्या कुरडया वाळत असतात आणि दुसऱ्या अंगाला, सावलीत, काकांच्या कॅसेटी हवा खात असतात.

गेल्या दिवाळीत आप्पांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, काठी घेऊन ते दारापर्यंत जायला लागले. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, येईल, पण त्यांनी प्रयत्न करायला हवा, त्यांना बोलतं ठेवा. आप्पा प्रयत्नच करीनात. पहिल्या आठवड्यात एक वाक्य जुळवताना शब्द वेडेवाकडे आले, नातू हसला, आणि तेव्हापासून त्यांनी तोंड मिटलं. शिट्टीबरोबर ज्याचा आवाज शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत जायचा म्हणे, तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. तेव्हा काकांनी कॅसेटी बाहेर काढल्या. दर रविवारी एक कुस्ती बघायची, परीक्षण लिहायचं, फोनवर वाचून रेकॉर्ड करायचं आणि मनमाडला पाठवायचं. वहिनी तो फोन आप्पांच्या कानाशी धरतात. मग काका आमच्या ग्रुपवर परीक्षण टाकतात आणि पार्किंगमधल्या खुर्चीवर फोन मांडीवर ठेवून उत्तराची वाट बघत बसतात. उत्तर येत नाही. एकच्या सुमाराला काकू जेवायला हाक मारतात.

आता माझं एक गुपित सांगते. मी गणित शिकवते, वय चव्वेचाळीस, स्टाफरूममध्ये माझा बऱ्यापैकी धाक आहे. पण सिन्नरला आमची आई शनिवारी मारुतीला गेली की मी आणि माझा भाऊ ही कुस्ती बघायचो आणि मग गाद्यांच्या चळतीवर तिचा सराव करायचो. मला सगळं पाठ आहे. त्यामुळे एका रविवारी काकांच्या परीक्षणात तेल्या जिंकला असं वाचलं तेव्हा मला राहवलं नाही. ती कुस्ती तेल्या हरला होता, सासूने भिरकावलेली खुर्ची चुकून त्यालाच लागली होती. पुढच्या रविवारी रडक्याची चड्डी पिवळी निघाली. तिसऱ्या रविवारी तर पंचाने वेळेवर वळून बघितलं, आणि हे तर कुठल्याच जगात शक्य नव्हतं. वीस वर्षं पेपर तपासतेय, हात शिवशिवतो. मी ग्रुपवर तिन्ही चुका क्रमवार टाकल्या.

पाचव्या मिनिटाला काका दारात. एवढे घाबरलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, मॅडम, तेवढं काढून टाका. आमचा मनमाडचा पुतण्या आहे ना या ग्रुपवर, आमचा फ्लॅट त्याच्या नावावर आहे म्हणून, तो आप्पांना वाचून दाखवेल. मी म्हटलं, मग दाखवू दे, चूक ती चूक. तर काका चप्पल न काढता उंबऱ्यातच थांबले आणि खाली बघत म्हणाले, "चुका मुद्दाम घातल्यात. आप्पाला जगात काही पण चालतं, कुस्तीतली चूक चालत नाही. कधीतरी चिडेल. चिडला की बोलेल. तुम्ही आधीच दुरुस्त केलं तर तो कशाला बोलेल?"

मी ते काढून टाकलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर या माणसाला आपण इतके दिवस नुसतं हसण्यावारी नेलं याचं वाईटही वाटलं. भरपाई म्हणून मी त्यांना चुका घालायला मदत करते म्हटलं.

चुका काढणं निराळं आणि घालणं निराळं, हे मला त्यानंतर कळलं. रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या जुन्या डबा टीव्हीपुढे बसायचो. काकू चहा करून द्यायच्या आणि दोन शिकलेली माणसं काय करतात ते बघत दारात उभ्या राहायच्या. माझं म्हणणं, चूक एकदम मोठी नको, मुलांना जशी सोप्याकडून अवघडाकडे नेतो तसं जाऊ. काकांना प्रत्येक चूक घशात अडकायची. तीस वर्षं खोटी नोंद न केलेला माणूस, "तेल्या उजवीकडून आला" असं लिहिताना पेन खाली ठेवायचा, पाणी प्यायचा, मग लिहायचा. एकदा मी सुचवलं की बँडवाल्याला टक्कल दाखवू. ते म्हणाले, एवढा अन्याय नको.

पाच महिने झाले. आम्ही कुस्त्यांचे निकाल उलटे केले, पोशाख बदलले, सासूला एकदा चांगलं वागायला लावलं. मनमाडहून काही नाही. वहिनी कळवायच्या की ऐकलं, डोळे मिटून पडून आहेत. काका खुर्चीवर बसायचे ते आता दीडपर्यंत बसायला लागले. एकदा काकू मला जिन्यात म्हणाल्या, आप्पा बोलेनात म्हणून हेही कमी बोलायला लागलेत. त्या रडतील असं वाटलं, पण त्यांनी पदर खोचला आणि आत गेल्या.

मग आली रडका आणि बँडवाला यांची कुस्ती. कॅसेट लावायच्या आधीच काका म्हणाले, हिच्यात चूक घालायची नाही. मी कारण विचारलं. त्यांची आई गेली त्याला वर्ष झालं तेव्हा सगळे मनमाडला जमले होते. वर्षश्राद्धाचं जेवण उरकलं, पाहुणे पांगले, आणि दोघे भाऊ, आप्पा दर वेळी मागून आणायचे तो व्हीसीआर लावून ही कुस्ती बघत बसले. सगळा मोसम मार खाल्लेला रडका त्या दिवशी पहिल्यांदा जिंकला, आणि आप्पा हमसून हमसून रडले. आईच्या वेळी ते रडले नव्हते. काकाही रडले. घरातल्यांनी विचारलं तर दोघांनी रडक्याचं नाव सांगितलं. "तिच्यात खोटं लिहिणार नाही," काका म्हणाले. "नाही बोलला तर नाही."

त्यांनी खरं परीक्षण लिहिलं. माझ्यासमोर दोनदा ताडून पाहिलं. १०.२६ ला रडक्याने बँडवाल्याचा उजवा पाय पकडला, मुडपला आणि सोडला नाही. बँडवाल्याला पडण्याचे दहापैकी दहा, जे काका कुणाला देत नाहीत. वाचून पाठवलं. ग्रुपवर टाकलं. त्या दिवशी ते खुर्चीवर जाऊन बसलेही नाहीत. कॅसेट खोक्यात घालत होते तेव्हा फोन वाजला.

अकरा सेकंदांचा आवाज होता. आधी नुसता श्वास. मग मागून वहिनींचं, बोला ना, बोला. मग एक घोगरा, घासून घासून निघाल्यासारखा आवाज आला. "नही. तसं... नही शे." परत श्वास. "डावा. डावा... पाय."

काकू हातात कणकेचा गोळा घेऊन तशाच दारात. काकांनी पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. मग त्यांनी कॅसेट परत आत सारली, मागे नेली, पुढे नेली आणि बरोबर त्या जागी थांबवली. चित्र हलत होतं, मधून पांढरी रेघ जात होती, पण दिसायचं ते दिसत होतं. रडक्याच्या हातात बँडवाल्याचा पाय होता. उजवा.

पाच महिने आम्ही खोटं लिहिलं तेव्हा आप्पा गप्प होते, आणि खरं लिहिलं तर म्हणे चुकलं. मी टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवून दाखवलं आणि म्हटलं, काका, तुमचंच बरोबर आहे. ते म्हणाले, हो. मग त्यांनी टीव्ही बंद केला, फोन तोंडाजवळ धरला, आणि दूधवाल्यालाही कधी एक मिनिट न सोडणारा हा माणूस माझ्यासमोर भावाशी घरच्या अहिराणीत बोलला. "हां आप्पा. मन्हं चुकनं. डावाच पाय व्हता."

मला म्हणाले, ग्रुपवर दुरुस्ती टाका, पुतण्या वाचून दाखवेल. मी टाकली. १०.२६ च्या नोंदीत उजव्याऐवजी डावा पाय वाचावा. धडधडीत खोटी दुरुस्ती, माझ्या हाताने, आणि टाकताना मला अक्षरं नीट दिसत नव्हती. देशमुखांनी लगेच अंगठा दिला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी वहिनींचा आवाज मागे नव्हता. "नीट..." आणि बऱ्याच वेळाने, "नीट देखत जाय, बापू."

काकूंनी कणकेचा गोळा तसाच टीव्हीवर ठेवला आणि तोंडाला पदर लावला. काका हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी परत फोन तोंडाजवळ नेला.

"अजून काय काय चुकनं मन्हं," ते म्हणाले, "ते सांग, आप्पा."