सासूबाईंनी लावलेलं झाकण

सासूबाईंनी लावलेलं झाकण घरात दुसऱ्या कुणाच्या बापाला उघडत नसे. साखरेची बरणी असो की तेलाची बाटली, चिरंजीव फडकं गुंडाळून, दातओठ खाऊन झटत आणि शेवटी "आई!" म्हणून हाक मारत. त्या येऊन सहज झाकण काढत आणि म्हणत, "जीवच नाही रे तुझ्या हातात."

सूनबाईचा जीव मात्र प्रयोगशाळेतल्या नऊ बाटल्यांत अडकला होता. बाटल्यांत तळ्याचा चिखल, थोडं आर्सेनिक आणि एक हट्ट: प्राणवायूऐवजी आर्सेनिकवर श्वास घेणारे जंतू या चिखलात आहेतच! ते कामाला लागले की आतलं पाणी पिवळं होणार होतं. दोन वर्षं झाली, पाणी आपलं मातकटच. येत्या शुक्रवारपर्यंत पिवळं झालं नाही तर काम बंद आणि टेबल दुसऱ्याला, असं साहेबांनी बजावलं होतं.

साहेब म्हणजे उत्साहाचा नुसता धबधबा. उजेड लागू नये म्हणून बाटल्यांना काळा कागद चिकटवलेला, त्यामुळे ते रोज सकाळी हातमोजे चढवून झाकणं उघडत आणि आत डोकावत. "काय मंडळी, उठलात का?"

"सर, हवा जाते हो आत!" ती कळवळून सांगे. "फुकटचा प्राणवायू मिळाल्यावर आर्सेनिककडे कोण बघेल?"

"अहो, एका मिनिटानं काय होतंय!"

त्यातच मुदतीच्या आदल्या शुक्रवारी ती घराची किल्ली विसरली. सासूबाई द्यायला आल्या, तर ती बैठकीत. रिकामं बसणं त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. दारावरच्या पाटीवर लिहिल्याप्रमाणे त्यांनी हातमोजे घातले. झाकणं चाचपली, सगळी सैल! नऊच्या नऊ आवळून, किल्ली ठेवून त्या निघून गेल्या.

सोमवारी साहेब लालबुंद झाले, पण झाकण हललं नाही. मंगळवारी शिपाई हरला. बुधवारी नळ दुरुस्त करणारा पाना घेऊन आला आणि पाना घेऊन गेला. सूनबाईनं ती पकड पहिल्याच दिवशी ओळखली होती, पण बोलायची सोय नव्हती.

शुक्रवारी साहेबांचा संयम सुटला. "आत्ताच्या आत्ता उघडून दाखवा, नाहीतर टेबल रिकामं करा!"

तिनं रडवेल्या आवाजात घरी फोन लावला. सासूबाई रिक्षानं हजर.

"अगं, सैल होती म्हणून लावली," त्या हातमोजे चढवत म्हणाल्या. "त्यात एवढं रडायला काय झालं?"

त्यांनी बाटली पकडली. त्या पकडीत काळा कागद टर्रकन फाटला, आणि आत पाणी पिवळंधमक!

"आई, हात काढा! उघडू नका!" सूनबाई किंचाळली. तिनं भराभर बाकीचे कागद फाडले. नऊच्या नऊ पिवळ्या! "आठवडाभर हवा गेली नाही, सर! श्वास घेतायत! आर्सेनिकवर श्वास घेतायत!" तिनं सासूबाईंना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

"बघू, बघू!" साहेबांचा हात सवयीनं झाकणाकडे गेला.

सासूबाईंनी तो फटकन बाजूला सारला. "खबरदार! लांबूनच बघा."

साहेब निमूट लांब झाले. पुढच्या तपासण्यांतही सूनबाईचंच खरं ठरलं. टेबल राहिलं, शेजारचंही मिळालं, आणि झाकणं लावायला सासूबाईंना खास बोलावणं येऊ लागलं.

घरी चिरंजीव साखरेच्या बरणीशी झटत होते. "अगं, आईला हाक मार ना! चहा गार झाला माझा."

"राहू दे," सूनबाई म्हणाली, "आत काहीतरी चांगलं घडत असेल."