सात साड्यांची गोधडी

बोरीवलीतल्या त्या वन बीएचकेत एसी एकच, तोही बेडरूममध्ये, आणि अंबादासचं कुटुंब पाच जणांचं. एप्रिल लागला की फोल्डिंगचा पलंग मिटायचा, गाद्या खाली पडायच्या आणि आजीपासून प्रबुद्धपर्यंत सगळे एका रांगेत आडवे व्हायचे. दाराकडची कड अंबादासच्या बायकोची, कमलची. का, तर सकाळी तीच आधी उठते म्हणून. मोठी चादर चौघं मिळून ओढायचे आणि कडेला पोचेपर्यंत तिची वीतभर उरायची. त्यात चिरंजीवांना एसी अठरावर लागायचा. कमल बिचारी गुडघे पोटाशी घेऊन झोपायची आणि सकाळी सगळ्यांचा चहा टाकताना सटासट शिंकायची.

यंदा तिने ठणकावून सांगितलं, "पाच जणांना पुरेल अशी एकच गोधडी शिवायची. आणि मी मधे झोपणार. एक रात्र तरी मला पायापासून गळ्यापर्यंत पांघरूण पाहिजे."

"मंजूर," अंबादास म्हणाला. त्याला काही शिवायचं नव्हतं.

कापड किती लागेल याचा हिशेब संघमित्राने केला. पोरगी इंजिनियरिंगला. "सोप्पं आहे, मम्मी. साडीची रुंदी पावणेचार फूट. अशा तीन साड्या शेजारी शेजारी लावल्या की खोली भरली. लांबीला मधे दुमडल्या की दोन थर होतात. तीन साड्या, विषय संपला."

आजीच्या ट्रंकेतून तीन मऊ सुती साड्या निघाल्या. विषय तिथे संपला असता तर काय हवं होतं? पण आजीने सुनेला स्वयंपाकघरात गाठलं. "पोरीचा हिशेब खरा हाय, पर टाके पडले की गोधडी आकसती. ही एक वाढीव धर."

"बरं, आत्या," कमल म्हणाली. सासूला नाही म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी मित्रा मोबाईल घेऊन आली. "मम्मी, मी व्हिडिओ बघितला. शिवल्यावर ती आक्रसते ना. माझी कॉलेज डेची साडी लावून टाक, तसंही तिच्यावर शेजवान सांडलंय." लेकीचा उत्साह मोडवेना. शिवाय मनात आलं, कापड जास्त झालं म्हणून कधी कुणाचं वाईट झालंय का?

एवढं मोठं प्रकरण घरात पसरणार कुठे? म्हणून सगळं बिऱ्हाड गच्चीवर गेलं. आता गोधडीला टाका घालायला शेजारीण बसली, की तिचंही एखादं जुनेर त्यात जायचं, ही आजीच्या गावची रीत. समोरच्या दारातली विमला सुई घेऊन आली ती काखेत साडी मारूनच. "कमल, वायच मोठी कर गो. टाक्यान आटता ती."

"अगं, आटण्याचं धरलंय. दोनदा धरलंय."

"मगे तिसऱ्यांदा धर. माझी साडी काय परत नेऊ?"

खालच्या मजल्यावरच्या तेजलबेननी तर बांधणीच आणली. तीही लागली. म्हणजे एकाच आटण्यासाठी चार बायकांनी चार साड्या वाढवल्या होत्या. कमलची स्वतःची साडी तेवढी राहिली होती. तिने ती उभी फाडली आणि गोधडीला चारी बाजूंनी काठ लावला.

गोधडी आटली ती चार बोटं. उरली ती पंचवीस फुटांच्या वर. गच्चीवरून उतरवताना तिचं एक टोक अंबादासच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि दुसरं अजून टाकीपाशी प्रबुद्धच्या हातात. मधे अडकलेल्या सेक्रेटरींनी गोधडीच्या पोटातून विचारलं, "मंडपाची परवानगी घेतली का?"

घरात अंथरली तर ती दोन्ही भिंतींवर चढली. प्रबुद्ध हसून हसून लोळला. कमलला मात्र गहिवरून आलं. एवढ्या पांघरुणात आपल्याला कोण उघडं पाडणार? तिने आपली उशी बरोब्बर मधोमध ठेवली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात विमला, बगलेत उशी. "आमचो पंखो जळालो गो. म्हटलं, माझी साडी आहेच ना तुमच्याकडे, तिच्याखाली पडते." पाठोपाठ तेजलबेन. त्यांच्याकडे रंगकाम चाललं होतं आणि वासाने डोकं उठलं होतं. अंबादास आणि प्रबुद्धने आपापल्या गाद्या हॉलमध्ये नेल्या.

"मग असंच करू," आजी म्हणाली. "जिची साडी, तिचं पांघरूण." आणि मधल्या चार साड्या स्वतःच्या म्हणून त्यांच्याखाली मधोमध ऐसपैस पसरली. कमलची उशी तिने पायानेच सरकवली. मित्रा शेजवानाखाली गेली, विमलाने आपली साडी अंगाभोवती लपेटली, तेजलबेन बांधणीत शिरल्या. कमलच्या वाट्याला दाराकडची कड आली. तिथे तिच्या साडीचा चार बोटांचा काठ होता.

मित्राने जाता जाता एसी अठरावर केला आणि रिमोट मम्मीकडे टाकला. कडेला असते ना ती.

कमलने तो काठ पायांवर ओढून पाहिला. डोळ्यात पाणी येणार, एवढ्यात तिला काहीतरी सुचलं. "आत्या, जिची साडी तिचं पांघरूण ना?"

"मंग. मी बोलले ते बोलले."

"माझी साडी चारी बाजूंनी आहे. या टोकापासून पार त्या टोकापर्यंत."

आजीने मान हलवली. तिला झोप येत होती.

कमलने काठ घट्ट धरला, त्यावर आडवी झाली आणि दाराच्या दिशेने गडगडत निघाली. पहिल्या वेढ्यात तेजलबेन उघड्या पडल्या, दुसऱ्यात विमला. तिसऱ्यात आजीच्या चारी साड्या गेल्या आणि शेवटी मित्राचं शेजवान. उंबरठ्याशी एक भलामोठा गुंडाळा होऊन कमल थांबली. वरच्या बाजूने तिचं फक्त नाक दिसत होतं.

"अगं बाई, गारठले की मी," आजी हातांनी चाचपडत म्हणाली. "तो एसी बंद करा कुणीतरी. रिमोट कुठंय?"

"मम्मीकडे," मित्रा कुडकुडत म्हणाली. गुंडाळ्याच्या पार आत, सात साड्यांच्या पोटात, कमलच्या मुठीत तो छान ऊबदार झाला होता, आणि कमल घोरत होती.