भाऊसाहेबांचं गुडगाव-दर्शन

महाराष्ट्रातून दिल्लीला आलेला प्रत्येक पाहुणा भाऊसाहेबांनी लाल किल्ल्यापासून कुतुबमिनारापर्यंत हिंडवून आणला होता. त्यांच्या पत्नी चंद्रप्रभाबाई मात्र कधीच बरोबर गेल्या नाहीत. पाहुणे भुकेले परतणार, म्हणून त्या दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत. "पुढच्या वेळी तूही चल," असं भाऊसाहेब दर खेपेला म्हणत. फाल्गुनात बाई गेल्या. पुढच्या वेळा तेवढ्या शिल्लक राहिल्या.

उन्हाळ्यात पुण्याची पुतणी रेवती ऑफिसच्या कामासाठी आली. "काका, लाल किल्ला नको. गुडगावची नाइटलाइफ दाखवा."

भाऊसाहेबांनी ती पाहिली नव्हती; पण जन्मभर दाखवत आलेल्या माणसाला गप्प राहून बघता येत नाही. संध्याकाळी एका काचेच्या इमारतीखाली उभं राहून त्यांनी सवयीने हात वर केला. "हे बघ. इथे आधी मोहरीची शेतं. मग कारखाने आले, मग काच आली."

"आणि ते कारंजं कधीचं हो?" मागून आवाज आला.

मागे परभणीहून बसने सहलीला आलेलं महिला मंडळ उभं होतं. अनोळखी मुलुखात मराठी कानावर पडताच ते त्या आवाजामागे चालू लागलं होतं.

"कारंजं अलीकडचं," भाऊसाहेब म्हणाले. इथेच थांबायला हवं होतं. पण श्रोते मिळाल्यावर त्यांनी पबही दाखवले. "इथे बिअर आपल्या डोळ्यांसमोर बनवतात."

"आमच्याकडंबी नदीकाठी गाळतात की," मंडळाच्या अध्यक्षा सुहासिनीबाई म्हणाल्या. "फकस्त लायटिंग नसती."

ऐकता ऐकता मंडळ बसपासून बरंच लांब आलं. फोन केला, तर ड्रायव्हर म्हणाला, "पार्किंग नहीं है मॅडम, घूम के आता हूँ." तो घूमतच राहिला. पोटात कावळे ओरडू लागले. मेन्यूकार्डातलं एकही नाव कुणाच्या ओळखीचं निघेना.

"दादा, नुसती पोळीभाजी मिळाली असती तरी..." मंडळातली एक बाई म्हणाली.

"मग घरीच चला ना!" भाऊसाहेबांच्या तोंडून वर्षानुवर्षांचं वाक्य आपसूक निघालं. "दिल्लीला परतताना द्वारका वाटेतच आहे. गरम पोळ्या तयार असतील."

"काका..." रेवती हळूच म्हणाली.

तेव्हा कुठे ते वाक्य भाऊसाहेबांना ऐकू आलं. पण मंडळाने टाळ्या वाजवल्या होत्या, आणि बसही नेमकी तेव्हाच उगवली.

वाटेत विमानतळाचे दिवे गेले. भाऊसाहेबांनी ते दाखवले नाहीत.

"गाइड दमले वाटतं," कुणीतरी म्हणालं.

दारात पोचल्यावर भाऊसाहेबांनी बेल वाजवली. सगळे थांबले. त्यांनी पुन्हा वाजवली. मग रेवतीने त्यांच्याच खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं.

समोरच्या भिंतीवर हार घातलेला फोटो होता. सुहासिनीबाई फोटोपुढे हात जोडून जरा वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला.

"दादा, तुम्ही बसा. फकस्त पोळपाट कुठं हाय, तेवढं दाखवा."

दिल्लीतला कुठला दरवाजा कोणत्या बादशहाने बांधला, हे भाऊसाहेबांना झोपेतही सांगता आलं असतं. ते स्वयंपाकघरात गेले. एक कपाट उघडलं. मग दुसरं.

"दाखवतो हं," ते म्हणाले. "दाखवतो."